सातबारा, शिलालेख आणि प्रौढांचा वर्ग

आपल्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नोंद असेल, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी असतील. ते उचितच आहे. मला मात्र अशा विद्यार्थ्यांविषयी लिहावयाचे आहे, ज्यांची नावे शाळेच्या हजेरीपटावर कधीच चढली नाहीत. मुलांची जेवणे आटोपली, भांडी घासून झाली, की भोजनगृहातील बाके पुन्हा मांडून ते बसत. आपल्याच वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या दोन ताई, सुपारीच्या वाडीत मजुरी करणारे एक दादा, मुंबईची गिरणी बंद पडल्यावर यजमानांसह बोर्लीला परतलेल्या एक मावशी, दिघीकडचे एक तांडेल आणि अशीच आणखी काही मंडळी. तांडेल १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात रोज येत. एरवी समुद्र सोडील तेव्हा. बहुतेकांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचे होते. कुणाला बढतीसाठी, कुणाला बचत गटाच्या हिशेबासाठी. मावशींना मात्र, त्यांच्याच शब्दांत, ‘राहिलं होतं म्हणून’.

गणिताची त्यांना भीती होती. इतिहास आणि राज्यशास्त्र यांचा त्यांना कंटाळा होता. भीतीवर धीर देता येतो. कंटाळ्यावर काय द्यावे, हे मला कोणी शिकविले नव्हते. मी इतिहासाचा एम. ए. पंचवीस वर्षांहून अधिक काळ हाच विषय मुलांना शिकविलेला. पहिला महिनाभर मी या मंडळींनाही तसेच शिकविले. फळ्यावर सनावळ्या लिहिल्या. मूलभूत हक्क क्रमाने म्हणवून घेतले. धडा संपला की प्रश्न विचारले. उपस्थिती निम्म्यावर आली. दिवसभराचा थकवा, घरची कामे, दूरदर्शनवरील मालिका अशी कारणे मी माझ्या मनाला देत राहिलो. दोष समोरच्यात शोधणे शिक्षकाला फार सोपे जाते.

मग मी वर्ग रंजक करण्याचा प्रयत्न केला. पडद्यावर चित्रे दाखविली. एका प्रशिक्षणात शिकलेले टाळ्यांचे खेळ घेतले. मंडळी हसली, पण ते हसणे माझा मान राखण्यापुरते होते. नातवंडे असलेल्या माणसाला टाळ्या वाजवायला लावून आपण त्याचे वय काढून घेतो, हे माझ्या ध्यानात उशिरा आले.

एके संध्याकाळी मी मावशींना काहीसा साधाच प्रश्न विचारला. त्या गप्प राहिल्या. उत्तर त्यांना येत होते, हे मला ठाऊक होते. मी पुन्हा विचारल्यावर त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही विचारता त्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं. मग आम्हाला विचारता कशाला?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मावशींनी माझ्या अध्यापनशास्त्राचे मर्मच उघडे केले होते. शाळेबाहेरच्या जगात माणूस प्रश्न विचारतो तो उत्तर ठाऊक नसते म्हणून. वाट विचारतो, भाव विचारतो, आजारी माणसाची प्रकृती विचारतो. उत्तर ठाऊक असूनही प्रश्न विचारण्याची पद्धत दोनच ठिकाणी आढळते: शाळेत आणि पोलिसांच्या चौकशीत. मूल ती सोसते, कारण त्याला दुसरी रीत ठाऊक नसते. प्रौढ माणसाला त्यात आपली पारख केली जात असल्याचा वास येतो. आणि ज्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्या पारखच झाली, त्या समाजातील प्रौढाला तो वास अधिकच लवकर येतो. विषय कोरडा आहे असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा आपले प्रश्न खोटे असतात. प्रश्न खरा असला की विषयात पाणी भरते. प्रौढांच्या अध्यापनाविषयी मला जे सांगावयाचे आहे, त्याचे सार एवढेच आहे.

पुढच्या आठवड्यात खरा प्रश्न आपण होऊन वर्गात आला. स्वयंपाकघरातील एका ताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. तो हक्कसोडपत्राचा मसुदा होता. वडिलांच्या पश्चात भावांनी तो पाठविला होता. “नुसती सही करायची आहे म्हणतात,” त्या म्हणाल्या. मी त्यांना विचारले की हा कागद वर्गापुढे वाचला तर चालेल का. क्षणभर थांबून त्यांनी होकार दिला. ‘जमीन महसूल पद्धती’ हा पाठ मी त्या आठवड्यात घेणारच होतो. पुस्तकातील सर्वांत रुक्ष पाठांपैकी एक. त्या संध्याकाळी पुस्तक मिटले आणि प्रत्येकाने आपापल्या घरचा सातबारा आणावा असे ठरले.

चार संध्याकाळी आम्ही सातबारा वाचला. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एकाच कागदावर, म्हणून सातबारा. भोगवटादार कोण, कुळ कोण, ‘इतर अधिकार’ या रकान्यात कोणाचे नाव दडले आहे, बोजा कसला आहे. वाडीवरच्या दादांनी आणलेल्या जुन्या फेरफारात ‘३२ग’ अशी नोंद होती. तिचा अर्थ त्यांच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हता. १९४८ च्या कुळकायद्यातील ते कलम. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक होण्यास पात्र ठरले आणि त्या जमिनीची किंमत ठरविण्याची प्रक्रिया या कलमाखाली झाली. म्हणजे दादांच्या आजोबांच्या हातात एके दिवशी जी जमीन आली, त्या दिवसाचा पुरावा ट्रंकेत पडून होता.

दादांनी विचारले, “त्याआधी कोणाची होती?” तेथून आम्ही खोतीकडे गेलो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकरी मोर्चाने विधिमंडळावर गेले. पण येथे इतिहासाच्या शिक्षकाने प्रामाणिक राहावयास हवे. आपला श्रीवर्धन तालुका तेव्हा जंजिरा संस्थानात होता. मुंबई प्रांताचा कायदा येथे आपोआप लागू होणारा नव्हता. हे सांगताच मावशी म्हणाल्या, “म्हणून माझी आजी नबाबाचं राज्य नबाबाचं राज्य म्हणायची.” मग १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, तेव्हा येथे काय काय बदलले, हा प्रश्न वर्गाने मला विचारला. काही उत्तरे मला ठाऊक होती, काही शोधावी लागली. वर्गात आता दोन्ही बाजूंनी खरे प्रश्न होते.

आणि ताईंचा कागद? हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे आणि हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे आम्ही वाचले. मी त्यांना सल्ला दिला नाही. तो वकिलाचा अधिकार. त्यांनी भावांना निरोप दिला की घराच्या जागेचा गट यातून काढा, मग सही करते. दोन महिने माहेरचे बोलणे बंद होते. पुढे मसुदा बदलून आला. ताईंनी शेतावरचा हक्क सोडला. मला ते मनातून पटले नव्हते. पण त्यांनी सही केली ती वाचून केली. आपल्या किनाऱ्यावर दिघी बंदरामुळे आणि पर्यटनामुळे जमिनीचे भाव चढत असताना न वाचता उमटलेला अंगठा केवढ्याला पडतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको.

या रीतीला मी माझा शोध म्हणणार नाही. ती आपल्याच परंपरेत आहे. मी ती विसरलो होतो. सोण नावाचा भिक्खू अतिकष्टाने खचला, तेव्हा तथागतांनी त्याला तत्त्वचर्चा ऐकविली नाही. तो पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे. वीणेच्या तारा फार ताणल्या तर काय होते आणि फार सैल सोडल्या तर काय होते, हे त्यांनी त्यालाच विचारले. मध्यम मार्ग सोणाने आपल्या बोटांच्या आठवणीतून समजून घेतला. शिकणाऱ्याच्या हातात जे आहे तेथून आरंभ करणे, हीच ती रीत.

महात्मा जोतीराव आणि सावित्रीमाई यांनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या घरी शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. धर्माच्या नावाखाली लुबाडले गेलेले एक शेतकरी जोडपे शेवटी शिकण्याचा निश्चय करते, हे त्याचे कथानक. शिक्षणाची गरज त्यांनी व्याख्यानातून पटवून दिली नाही, फसवणुकीच्या अनुभवातून दाखविली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, अनुभव हाच शिक्षणाचा पाया मानणारे जॉन ड्युई तेथे प्राध्यापक होते. आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. माणसाने शाळेच्या वेळेला जुळवून घ्यावे असे न म्हणता शाळेनेच माणसाच्या वेळेला जुळवून घेतले.

वामनदादा कर्डकांचे उदाहरण तर आपल्या घराघरांतले. मुंबईत मजुरी करीत असताना कोणीतरी पत्र वाचून दाखविण्यास सांगितले आणि आपल्याला वाचता येत नाही याची लाज त्यांना लागून राहिली. तरुण वयात त्यांनी अक्षरे गिरविली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे पक्की केली. मुंबईच्या रस्त्यालाच त्यांनी अंकलिपी केले. पुढे त्या माणसाच्या शब्दांनी गावोगावच्या निरक्षरांना शहाणे केले.

आता थोडे आपल्याच चुकीविषयी. आपण ज्या विषयावर सर्वाधिक बोलतो, तोच विषय आपण सर्वाधिक कोरडा करून ठेवला आहे, असे मला वाटते. दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो किंवा गावात सभा घेतो. माझ्या वर्गातील प्रत्येकाला ती तारीख पाठ होती. त्यापलीकडे मात्र शांतता. मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. १९२३: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत. १९२४: महाड नगरपालिकेचा चवदार तळे खुले असल्याचा ठराव. १९२७: सत्याग्रह. १९३७: उच्च न्यायालयाचा निकाल. आणि विचारले, “तळे १९२४ सालीच खुले झाले होते, तर १९२७ मध्ये जावे का लागले?”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तांडेल म्हणाले, “कागदावर खुलं होतं.” त्यानंतर वर्ग थांबेना. कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद असे काय काय असते, याची यादी त्यांनी केली. कोणी लहानपणच्या विहिरीचे सांगितले, कोणी पंगतीचे, कोणी योजनेच्या यादीत असलेल्या पण दारी न आलेल्या नळाचे. कायदा आणि व्यवहार यांतील अंतर हा राज्यशास्त्राचा अवघड समजला जाणारा मुद्दा त्यांनी एका संध्याकाळी आत्मसात केला. आणि निकाल यायला दहा वर्षे लागली हे कळल्यावर, सत्याग्रह हा एका दिवसाचा प्रसंग नव्हता, हेही त्यांना उमगले. वंदन आणि अभ्यास यांत विरोध नाही. पण नुसत्या वंदनाने इतिहास कळत नाही.

डिसेंबरात आम्ही म्हसळ्याच्या वाटेने कुड्याची लेणी पाहण्यास गेलो. राजपुरीच्या खाडीजवळच्या डोंगरातील ती बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तेथील ब्राह्मी लेखांपुढे उभे राहिल्यावर एक गोष्ट घडली, जी मी योजिली नव्हती. मला ब्राह्मी जेमतेम अक्षरे लावण्यापुरती येते. म्हणजे त्या भिंतीपुढे आम्ही सारेच जवळपास निरक्षर होतो. ताई हसून म्हणाल्या, “आता सरांना कळलं असेल आम्हाला कसं वाटतं.”

मग मी त्यांना जेम्स प्रिन्सेप यांची हकिगत सांगितली. सांचीच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांची अखेर त्याच दोन अक्षरांनी होते, हे त्यांनी हेरले. देणगीच्या नोंदीत शेवटी ‘दान’ असणार, असा तर्क त्यांनी केला आणि १८३७ च्या सुमारास शतकानुशतके मुकी झालेली लिपी बोलू लागली. कुड्याच्या लेखांतही ‘लेण’ आणि ‘देयधम’, म्हणजे धर्मदान, हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. एक अक्षर ओळखले, मग तेच दुसरीकडे शोधले. भिंतीवर बोटे फिरू लागली तेव्हा दुरूनच दाखवा म्हणून मला सांगावे लागले. या लेण्यांना दान देणाऱ्यांत अमात्यांच्या घरची माणसे आहेत, तसाच फुलांचे काम करणारा माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, प्रव्रजित स्त्रीही आहे. वाडीवरचे दादा माळ्याच्या लेखापुढे बराच वेळ उभे राहिले. राजांच्या याद्यांत न सापडलेला इतिहास त्यांना एका कारागिराच्या नावात सापडला असावा. मी विचारले नाही.

गणिताचेही तेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आपल्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा पंचनामे हेक्टर आणि आर यांत झाले; माणसे बोलतात गुंठ्यांत. एका हेक्टरचे सुमारे ९९ गुंठे. पाच गुंठ्यांच्या वाडीचे क्षेत्र दशांशात कसे लिहावे आणि भरपाईचा आकडा बरोबर आला का, हे उदाहरण सोडविताना दशांश चिन्हाची भीती ज्या वेगाने गेली, तो वेग मी नववीच्या वर्गात कधी पाहिला नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. केवळ उपयोगाचे तेवढेच शिकवायचे काय? तसे केले तर आपण अर्ज भरणारे नागरिक घडवू, विचार करणारे नव्हेत. शिवाय अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे. वर्गात ऐकीव गोष्टी येतात, दंतकथा येतात, जातीचे जुने ग्रहही येतात; आपल्या लोकांच्याही मनात ते असतात. ‘ताईंचा अनुभव आहे’ म्हणून सारेच मान्य करणे हाही एक प्रकारचा अनादर आहे. कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच, की परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले एवढ्याने काही स्वीकारू नका, स्वतः पारखून पाहा. म्हणून माझ्या वर्गात आम्ही फळ्याचे दोन भाग करीत असू: ‘ऐकलेले’ आणि ‘लिहिलेले’. नबाबाच्या राज्याची आजीची गोष्ट पहिल्या भागात. सातबारा, ठराव, निकाल, शिलालेख दुसऱ्या भागात. दोहोंचा मेळ बसतो का, हे पाहणे म्हणजे इतिहास. सातबारा हे दार आहे. दारातच थांबून चालणार नाही. शिक्षकाचे काम तेथून पुढे आहे आणि ते अधिक कष्टाचे आहे.

आज शासनाच्या उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील असाक्षरांना वाचन, लेखन आणि संख्याज्ञान शिकविले जाते. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेने म्हातारपणी दप्तर घेण्यातील संकोच कितीतरी जणींच्या मनातून काढला. अक्षरओळखीपर्यंतची वाट आता दिसू लागली आहे. प्रश्न आहे त्यापुढचा. अक्षर आले आणि पुढे इतिहास, राज्यशास्त्र, विज्ञान रुक्ष म्हणून सुटले, तर माणूस नावापुरता साक्षर राहतो आणि मसुदा दुसऱ्यानेच लिहिलेला राहतो.

म्हणून विद्यालयाच्या संचालक मंडळापुढे माझी तीन विनम्र निवेदने आहेत. आठवड्यातील दोन संध्याकाळी भोजनगृह पालकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या वर्गासाठी अधिकृतपणे द्यावे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी त्या वर्गात शिकविण्यासाठी नव्हे, तर सोबत शिकण्यासाठी बसावे. आपल्या आईला प्रश्न विचारताना पाहणे हे मुलासाठी कोणत्याही व्याख्यानाहून मोठे शिक्षण आहे. आणि वर्षातून एकदा कुडा, महाड किंवा गांधारपाले येथे पालक आणि मुले यांची एकत्र अभ्याससहल न्यावी. यास फारसा निधी लागत नाही. लागते ती उत्तर ठाऊक नसल्याचे कबूल करण्याची शिक्षकाची तयारी.

मावशींचा निकाल लागला. इतिहास-राज्यशास्त्रात त्या चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाल्या. गणित मात्र राहिले. पुढच्या परीक्षेला पुन्हा बसणार का, असे मी त्यांना विचारले. या प्रश्नाचे उत्तर मला खरोखरच ठाऊक नव्हते.

“बसणार तर,” त्या म्हणाल्या. “राहिलंय ना.”

जय भीम.